बाटलीत वाढलेला बांबू



मागच्या वर्षी धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर आपण बांबूची रोपे वाटली. त्यानंतर उपासनेला भेटणाऱ्यांनी मला तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले. बांबू तर रानात आपोआप उगवतो, मग त्याचे रोप विकत कशाला घ्यायचे? 'टिश्यू कल्चर' म्हणजे जनुके बदललेले बियाणे का? आणि एका ज्येष्ठ भगिनींचा प्रश्न असा, की प्रयोगशाळेत रोप तयार करणे म्हणजे देवाच्या कामात हात घालणे नव्हे का? त्या वेळी मी दिलेली उत्तरे अर्धवट होती. धर्मज्ञानाचा डिप्लोमा करताना मला कोणी वनस्पतिशास्त्र शिकवले नव्हते. शिवाय एक गोष्ट मी तेव्हा सांगितलीच नाही. वाटलेल्या रोपांपैकी निम्म्याहून जास्त पहिल्याच महिन्यात वाळून गेली. ती का वाळली हे समजून घेता घेता जे शिकलो, ते आज लिहीत आहे.

आधी बांबूबद्दल. बांबू गवताच्या कुळातला. सातपुड्यात आणि विदर्भात जो भरीव, चिवट बांबू दिसतो तो मानवेल. आंबा, चिंच, मोह दरवर्षी फळतात, बांबूचे तसे नाही. मानवेलीचे बेट पंचवीस-तीस, कधी चाळीसहून अधिक वर्षे नुसते वाढत राहते. मग एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. बी दिसते भातासारखे, लोक ते शिजवून खातातही. पण त्याची उगवण्याची ताकद फार काळ टिकत नाही. म्हणजे माणसाच्या आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी बी मिळणार, आणि मिळाले तरी फार काळ साठवता येणार नाही. मिझोराममध्ये तर तिथला मुख्य बांबू साधारण ४८ वर्षांनी डोंगरच्या डोंगर एकदम फुलतो. बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि बी संपले की शेतांवर तुटून पडतात. याला तिथे 'माउताम' म्हणतात. १९५९ च्या माउतामनंतर दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी उभी राहिलेली संघटनाच पुढे मिझो नॅशनल फ्रंट हा राजकीय पक्ष झाली. २००६ ते २००८ या काळात बांबू पुन्हा फुलला.

बी नाही, तर कंद लावावा. जुन्या बेटातून मुळ्यांसकट कंद खणून दुसरीकडे लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. पण कंद जड असतो, खणताना जुन्या बेटाची नासधूस होते, आणि डोंगरावर तो डोक्यावरूनच न्यावा लागतो. परसात चार बेटे करायची असतील तर हे चालते. एकरभर लागवड करायची तर चालत नाही. आणि आता लोकांना एकरभर लावायची आहे. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला गेला. स्वतःच्या शेतातला बांबू तोडताना आणि नेताना पूर्वी परवान्यासाठी जे हेलपाटे घालावे लागत, ते त्यामुळे कमी झाले. राज्य सरकारच्या अटल बांबू समृद्धी योजनेतूनही शेतकऱ्यांना टिश्यू कल्चरची रोपे सवलतीत मिळू लागली. बांबूचे रोप विकत का घ्यायचे, याचे उत्तर हे असे आहे.

आता टिश्यू कल्चर, म्हणजेच ऊतीसंवर्धन.

याच्या मुळाशी असलेली कल्पना शंभरहून अधिक वर्षे जुनी आहे. १९०२ मध्ये ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलिब हाबरलांट यांनी मांडले की झाडाच्या कोणत्याही जिवंत पेशीत अख्खे झाड होण्याची क्षमता असली पाहिजे. त्यांनी पानाच्या सुट्या पेशी काढून पोषक द्रवात ठेवल्या. पेशी जगल्या, पण एकीच्या दोन झाल्या नाहीत. त्यांचे म्हणणे खरे ठरायला पन्नासहून अधिक वर्षे लागली. १९५८ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एफ. सी. स्टुअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाजराच्या पेशी नारळपाणी घातलेल्या द्रवात, सतत फिरणाऱ्या काचपात्रांत वाढवल्या. त्यातून गाजराची पूर्ण रोपे मिळाली. जर्मनीत राइनर्ट यांनाही त्याच काळात गाजरातच तसेच आढळले. नारळपाणीच का? कारण शहाळ्यातले पाणी हे नारळाच्या कोवळ्या कोंबासाठी निसर्गाने साठवलेले अन्न आहे. एका झाडाचे बाळखाद्य दुसऱ्या झाडाच्या पेशींना मानवले, एवढेच.

आपल्या देशाचेही यात मोठे काम आहे. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशांपासून थेट भ्रूण वाढवून जगाला चकित केले. तोच धोतरा, जो आपल्याकडे उकिरड्यावर वाढतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० मध्ये शंभर वर्षांच्या सागापासून अशी रोपे केली गेली. त्याच प्रयोगशाळेतल्या नाडगौडा, परशरामी आणि मस्करेन्हस यांनी १९९० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक नवलाची गोष्ट प्रसिद्ध केली. जो बांबू फुलायला माणसाचे अर्धे आयुष्य घेतो, तो त्यांच्याकडे बाटलीत काही महिन्यांतच फुलला आणि त्याला बीही धरले.

अशी एक प्रयोगशाळा मला काचेपलीकडून पाहायला मिळाली. डोळ्यांसमोर यंत्रे होती, पण आठवण झाली ती स्वयंपाकघराची. एक लिटर पाण्यात मोजून क्षार घालायचे, साधारण ३० ग्रॅम साखर, थोडी जीवनसत्त्वे, आणि घट्टपणा यावा म्हणून आगर. उपवासाच्या दिवशी ज्या चायना ग्रासची जेली करतात ते हेच. क्षारांची ही पाककृती बहुतेक ठिकाणी मुराशिगे आणि स्कूग यांची, १९६२ सालची आहे. मग बाटल्या मोठ्या कुकरमध्ये १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटे ठेवायच्या. साखरेचे पाणी रोपाला जेवढे आवडते त्याहून जास्त बुरशीला आवडते, म्हणून ही सगळी धडपड. बुरशीचा एक कण आत गेला तर बाटली दोन दिवसांत कापसासारखी पांढरी होते आणि फेकून द्यावी लागते. आत बसलेल्या मुली गाळलेल्या हवेच्या झोतासमोर, चिमटा ज्योतीवर तापवत, नखाएवढे तुकडे कापून नव्या बाटलीत ठेवत होत्या. बोलणे नाही, शिंकणे नाही. तिथल्या ताई म्हणाल्या, "इथं यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा."

तुकड्याने काय व्हायचे हे दोन संप्रेरके ठरवतात. ऑक्सिन जास्त दिले तर मुळे फुटतात. सायटोकायनिन जास्त दिले तर फुटवे येतात. दोन्ही बेताने दिली तर नुसता पेशींचा ओबडधोबड गोळा वाढतो, त्याला कॅलस म्हणतात. हा हिशेब स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूवर काम करताना १९५७ मध्ये मांडला.

बांबूची बहुतेक रोपे पहिल्या, सोप्या वाटेने होतात. पेरावरचा डोळा घ्यायचा, तो निर्जंतुक करायचा आणि सायटोकायनिन देऊन त्याला फुटवे आणायचे. फुटवे वेगळे करून पुन्हा नव्या बाटल्यांत ठेवायचे. एका फुटव्याचे दर फेरीला तीन झाले असे धरले तर आठ फेऱ्यांनंतर ६,५६१ होतात. प्रत्येक फेरीला तीन-चार आठवडे. शेवटी ऑक्सिन देऊन मुळे आणायची, आणि बांबू नेमका इथेच अडतो, कारण त्याला मुळे सहज फुटत नाहीत.

दुसरी वाट अधिक विलक्षण आहे. तिला कायिक भ्रूणजनन म्हणतात. बीमध्ये जो भ्रूण असतो तो परागीभवनातून, नर आणि मादी पेशींच्या मीलनातून तयार होतो. कायिक भ्रूण मात्र झाडाच्या अंगातल्या साध्या पेशीपासून होतो. त्यासाठी २,४-डी नावाचे ऑक्सिन वापरतात. शेतकऱ्यांना हे नाव ओळखीचे वाटेल, कारण गव्हातले तण मारायला ते फवारतात. प्रयोगशाळेत ते लिटरमागे काही मिलिग्रॅम एवढेच असते. त्याच्या प्रभावाने पेशी आपले ठरलेले काम विसरते. मी पानाची, मी खोडाची, हे तिच्या लेखी उरत नाही. मग २,४-डी काढून घेतले की काही पेशी भ्रूणासारख्या वागू लागतात. आधी लहान गोळी, मग बदामाचा आकार, मग लांबट, आणि शेवटी एका टोकाला कोंब तर दुसऱ्या टोकाला मूळ. बीतला भ्रूण ज्या पायऱ्या चढतो त्याच पायऱ्या, त्याच क्रमाने. कोंब आणि मूळ दोन्ही एकत्रच आल्यामुळे मुळे आणण्याची वेगळी खटपट राहत नाही. मानवेलीचे असे भ्रूण दिल्ली विद्यापीठात उषा राव आणि सहकाऱ्यांनी मिळवले. ते काम १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. द्रवात वाढवले तर एकाच पात्रात हजारो भ्रूण होऊ शकतात. समुद्री शैवालापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या मण्यात एकेक भ्रूण बसवून कृत्रिम बी करण्याचे प्रयोगही झाले आहेत.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. यात जनुके बदलतात का? नाही. बाहेरचे जनुक घालायचे नसते. जी आई, तीच लेक. गोंधळ मात्र समजण्यासारखा आहे, कारण बीटी कापूस तयार करताना जनुक घातलेल्या पेशीपासून पूर्ण रोप मिळवायला कायिक भ्रूणाचीच पायरी वापरली गेली होती. पायरी तीच, पण चढणारा वेगळा. आणि त्या ज्येष्ठ भगिनींना मला एवढेच सांगायचे आहे, की केळीचा मुनवा तोडून लावतो तेव्हा, उसाची कांडी पुरतो तेव्हा, आपण हेच करत असतो. खाण्याच्या केळीला रुजणारे बी नसतेच, मुनवा लावल्याशिवाय तिची बाग होत नाही. पेशीत जे आधीपासून ठेवलेले आहे तेच प्रयोगशाळा जागे करते. ते तिथे ठेवणे तिच्या हातात नाही.

पण ही वाट निर्धोक आहे असेही मी म्हणणार नाही. 'जी आई, तीच लेक' हे बहुतेक वेळा खरे असते, दर वेळी नाही. पेशी फार काळ कॅलसमध्ये राहिली, फेऱ्या फार झाल्या, तर रोपांत विकृती शिरते. सर्वांत मोठा धडा तेलमाडाचा आहे. आग्नेय आशियात उत्तम झाडे निवडून त्यांच्यापासून कायिक भ्रूणांच्या वाटेने रोपे केली आणि मळे लावले. काही वर्षांनी फळे धरली तेव्हा १९८० च्या दशकात दिसले, की अनेक झाडांची फळे विचित्र आकाराची, जवळजवळ बिनतेलाची आहेत. पाने ठीक, खोड ठीक, उंची ठीक, आणि नेमके फळ वाया. जनुक तेच होते. त्यावरची एक रासायनिक खूण मात्र बाटलीत पुसली गेली होती. ती खूण कोणती, हे मलेशियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. ज्याच्याकडे हजारो एकर आहेत तो हे सोसतो. ज्याच्याकडे दोन एकर आहेत त्याने रोप घेताना फेऱ्या किती झाल्या हे विचारलेले बरे. केळीसाठी साधारण आठच्या आत असा संकेत आहे.

विषाणूंचे आणखी वेगळे. टिश्यू कल्चरचे रोप रोगमुक्त असते असे सरसकट सांगितले जाते. बुरशी आणि बहुतेक जिवाणू बाटलीत लपत नाहीत, ते वाढून दिसतातच. विषाणू मात्र गुपचूप राहतो. आईला पर्णगुच्छ असेल तर तिच्यापासून झालेल्या हजारो लेकी तो रोग घेऊनच शेतात येऊ शकतात. म्हणून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण सुरू केले. त्यात विषाणूंची आणि रोपांच्या एकसारखेपणाची तपासणी होते. केळीची रोपे घेताना हा कागद मागावा. शहाद्याकडे आपल्या ओळखीची जी कुटुंबे केळी लावतात त्यांना मी आता हेच सांगतो.

आता आमची रोपे का मेली ते सांगतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात टेम्पो आला. रोपे अपेक्षेपेक्षा स्वस्त मिळाली होती आणि मी खुशीत होतो. बाटलीतून काढून तीन आठवडे झालेत, असे विक्रेत्याने सांगितले होते. त्याचा अर्थ मला कळला नाही, आणि मी विचारलेही नाही. दोन दिवसांत आम्ही सगळी रोपे उतारावर लावून टाकली. मृगाचा शिडकावा झाला होता, पाऊस धरेल या भरवशावर होतो. पावसाने बारा दिवस तोंड दाखवले नाही. चौथ्या दिवशी पाने सुरळी झाली, दहाव्या दिवशी रोप हातात आले की तुटत होते. लोकांनी खालून डोक्यावर पाणी आणून घातले तरीही. त्या बांधांवर काही जणांनी मक्याची एकेक ओळ सोडली होती, तीही गेली. कोणी रागावले नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले. एक कारभारी फक्त म्हणाले, "भाऊ, ही बंगल्यातली पोरं. यांना उन्हाची ओळखच नाही."

त्यांनी जे एका वाक्यात सांगितले तेच मला नंतर शास्त्रातून कळले. बाटलीत हवा ओलसर, जवळजवळ शंभर टक्के दमट असते. पान सुकण्याची भीतीच नाही, म्हणून पानावर मेणाचा जो थर हवा तो पातळ राहतो. पानावरची रंध्रे ऊन वाढले की मिटायला हवीत, पण यांना मिटण्याची सवय लागलेली नसते. साखर आयती मिळते, म्हणून पान स्वतः अन्न करायला धड शिकलेले नसते. मुळेही आगरात वाढलेली, मातीत पाणी शोधायला कुचकामी. असे रोप बाहेर आणले की सगळी रंध्रे सताड उघडी, आणि काही तासांत अंगातले पाणी निघून जाते. म्हणून बाटलीतून काढल्यावर त्याला 'हार्डनिंग' द्यावे लागते. आधी चार ते सहा आठवडे प्लास्टिकच्या बंद घरात, कोकोपीटमध्ये, फवाऱ्याच्या ओलाव्यात. हा ओलावा रोज थोडा थोडा कमी करायचा. मग पिशवीत मातीखत भरून आणखी चार ते सहा आठवडे शेडनेटखाली. जुनी पाने गळतात, बाहेरच्या हवेत आलेली नवी पाने जाड आणि खऱ्या रंगाची असतात. बांबूच्या रोपाला नवीन कोंब जमिनीतून आलेला दिसला की ते शेतात न्यायला तयार झाले. आमची रोपे पहिल्या टप्प्याच्या अध्यावर होती. म्हणूनच ती स्वस्त होती.

यंदा पाड्यावरच शेडनेट उभारले. पाच जणींचा गट ते सांभाळतो. रोपे आम्ही ट्रेमध्ये असतानाच घेतो आणि दुसरा टप्पा इथेच होतो. त्यामुळे रोपाची किंमत कमी राहते, आणि पिशव्या भरण्याची, पाणी देण्याची मजुरी त्या पाच घरांत राहते. सकाळी नऊच्या आत आणि दुपारी चारनंतर पाणी, मधल्या वेळात नेटला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनीच केला.

त्या शेडनेटमध्ये एका आजींनी मला एक प्रश्न विचारला. "याच्या आईचं वय काय?" त्यांच्या लहानपणी डोंगरावरची मानवेल फुललेली त्यांनी पाहिली आहे, आणि त्यानंतर सगळी बेटे उभ्या उभ्या वाळलेलीही. त्यांचा प्रश्न अगदी नेमका आहे. डोळ्यापासून केलेले रोप दिसायला नवे असले तरी त्याचे घड्याळ आईचेच चालू राहते. पस्तीस वर्षांच्या बेटाचा डोळा घेतला तर लेक पाच-दहा वर्षांतच आईबरोबर फुलू शकते, आणि फुलले की बेट संपले. बीपासून सुरुवात केलेले असेल तर घड्याळ शून्यावर असते. म्हणून मातृबेट कोणते, ते बीपासून केव्हा आले, किंवा मूळ सुरुवातच बीपासून केली का, हे विचारायलाच हवे.

मी दोन ठिकाणी विचारले. एका ठिकाणी उत्तर आले, "बांबू तो बांबू, साहेब." तिथून घेतली नाहीत. दुसऱ्यांनी मातृबेटाची नोंद दाखवली, बी कोणत्या साली गोळा केले त्यासकट. ती रोपे आता शेडनेटखाली दोन महिन्यांची झाली आहेत, बहुतेकांना जमिनीतून दुसरा कोंब आला आहे. मृगात लावायची नाहीत असे ठरले आहे. आर्द्राचा पाऊस चांगला लागला, हातभर खोल ओल गेली, की मग. नोंदीची एक प्रत आजींच्या घरी ठेवली आहे, कारण त्यांनी ती मागून घेतली.